चौदा पन्नास

नकाशाखोलीतल्या बाई जांभळी शाई घेऊन बसल्या की शेजारच्या खोलीतले कारकून दार हळू लावत. दार आपटलं, बाईंचा हात हलला, तर समुद्रातला एखादा खडक शंभर मीटर सरकेल, असं कोणीतरी गमतीत म्हणालं होतं आणि ते सगळ्यांना पटलं होतं. बंदर कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर बाईंचं काम एकच. समुद्रात काही बदललं, एखादी तरंगती खूण वाहून गेली, कुठे गाळ साचला, कुठे काही बुडालं, की त्या जागेचे अक्षांश-रेखांश पत्रकावरून वाचायचे आणि नकाशावर बरोबर तिथे जांभळ्या शाईने खूण करायची. ही शाई दुसऱ्या कशाला वापरायची नाही आणि तिची सुईसारखी पेनं नकाशाखोलीच्या बाहेर न्यायची नाहीत, असा नियमच होता.

नऊ वर्षांत बाईंची एकही खूण चुकली नव्हती. बंदराचे साहेब पाहुण्यांना मुद्दाम त्यांच्या टेबलाशी आणत आणि म्हणत, "हा हात बघून ठेवा." बाई मान खाली घालून हसत. साहेबांना वाटे, बाई लाजतात.

बाई लाजत नव्हत्या. बाई साहेबांवर डूख धरून होत्या. राग, नाराजी, मनात अढी, असले मवाळ शब्द इथे पुरत नाहीत. घरी तिला ठमी म्हणत, आणि ठमी लहानपणापासूनच अशी. हिची खोडी काढली की ही रडायची नाही, भांडायची नाही, तारीख लक्षात ठेवायची. या वेळची तारीख बारा वर्षांपूर्वीची होती, आणि खोडी तिची नव्हे, तिच्या दादाची काढलेली होती.

दादा लाँचचा कप्तान होता. बंदरातून माणसं आणि सामान घेऊन बाहेर नांगरलेल्या जहाजांवर पोचवायचं, असं त्याचं रोजचं काम. लाँच छोटी, तिच्यावर कामाला माणसं दोनच. वर दादा आणि खाली इंजिनवाला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. इंजिनवाला खालून ओरडायचा, "कुठे आलो रे?" आणि दादा दीपगृहाची दिशा घ्यायचा, गिरणीच्या चिमणीची दिशा घ्यायचा, नकाशावर दोन रेघा मारायचा आणि त्या जिथे एकमेकींना छेदतील तिथला आकडा खाली सांगायचा. इंजिनवाल्याला त्या आकड्याचं काही करायचं नसे, पण तो ऐकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

आकडा म्हणजे अक्षांश, आणि तोही अर्धाच. पूर्ण अक्षांश सांगायचा तर आधी अंश, मग मिनिटं. पण एका बंदरात अंश कधी बदलत नाहीत, म्हणून ते कोणी तोंडाने म्हणतच नसे. बंदरातून बाहेर जायची वाट सरळ दक्षिणोत्तर होती, त्यामुळे रेखांशही जवळजवळ तोच राही आणि त्याचंही कोणाला पडलेलं नसे. उरली फक्त मिनिटं. बाहेर जाताना ती वाढत जात, परतताना कमी होत. रेडिओवर कोणी "अकरा" म्हटलं की सगळ्या बंदराला कळे, अमुक लाँच अमुक ठिकाणी आहे. घरच्या घरी माणसं जशी अर्धंच वाक्य बोलतात, तसं ते चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

त्या दिवशी पहाटे मालाने भरलेला एक बार्ज त्या वाटेतच बुडाला. भरतीचं पाणी त्याच्यावरून गेलं आणि तो दिसेनासा झाला. त्याच्यावर तरंगती खूण लावायला दुपार होणार होती. तोवर सगळ्यांना जागा कळवायची म्हणून साहेब स्वतः रेडिओवर बसले. तेव्हा ते साहेब नव्हते, नायब साहेब होते. कामाला वाघ, बोलायला तुटक. शब्द वाया घालवणं त्यांना अन्न वाया घालवण्यासारखं वाटे.

"सगळ्या लाँचवाल्यांनो, बार्ज बुडालाय. चौदा पन्नास. जपून जा."

दादाने विचारलं, "चौदा पन्नास?"

"हो, चौदा पन्नास."

बास. दोघांनी एकमेकांना तेच दोन शब्द ऐकवले आणि दोघांनी दोन वेगळ्या जागा ऐकल्या.

कारण मिनिटाचे तुकडे दोन रीतींनी पडतात. जुन्या रीतीत एका मिनिटाचे साठ सेकंद. नव्या रीतीत मिनिटाचे दहा भाग, शंभर भाग, पॉइंट लावून. कार्यालयात नवे नकाशे आले होते आणि साहेबांच्या मनात होतं चौदा पॉइंट पन्नास, म्हणजे साडेचौदा. लाँचवर मात्र कार्यालयाने टाकून दिलेले जुने नकाशे असत. त्यांच्या कडेला सेकंदांच्या रेघा होत्या. दादाने ऐकलं चौदा मिनिटं पन्नास सेकंद. साडेचौदा म्हणजे चौदा मिनिटं तीसच सेकंद. वीस सेकंदांचा फरक. अक्षांशाचा एक सेकंद साधारण एकतीस मीटरचा, तेव्हा वीस सेकंद म्हणजे सहाशेवीस मीटर.

बाहेर जाताना इंजिनवाल्याने खालून विचारलं, "आला का रे तो बार्ज?" दादाने नकाशावर बघितलं आणि सांगितलं, "अजून सहाशे मीटर आहेत." तेवढ्यात लाँचचा तळ फाटला. लाँच भरधाव होती. पाणी आधी खाली शिरलं. वर होते ते सगळे वाचले. इंजिनवाला वाचला नाही.

चौकशी झाली. दादाने जसं घडलं तसं सांगितलं. नायब साहेबांनी रेडिओच्या नोंदवहीतल्या पानाची झेरॉक्स समितीपुढे ठेवली. १४.५०. "मी पॉइंट म्हणालो होतो," ते म्हणाले, "इथे ठिपका आहे, बघा." समितीने बघितलं. ठिपका होता. अहवालाच्या शेवटी एक वाक्य आलं, 'सदर कप्तानास अक्षांश वाचता येत नाहीत,' आणि त्या एका वाक्यावर दादाचा परवाना कायमचा गेला.

परवाना गेला याचं एक वेळ दुःख करून माणूस मोकळा होतो. पण ते वाक्य बंदरभर झालं. धक्क्यावर दादा दिसला की कोणीतरी म्हणे, "या, अक्षांशराव." हसत कोण होतं? ज्यांच्या हातात स्वतः तेच जुने नकाशे होते, ते कप्तान. दादाने धक्क्यावर जाणं सोडलं. मग आकडेच सोडले. बसचा नंबर तो वहिनीला वाचायला सांगे. औषधाच्या बाटलीवरचं माप वहिनी बघे. त्याने दोरखंडाच्या कारखान्यात काम धरलं, तुटलेल्या जाड दोरांची टोकं एकमेकांत विणून जोडायचं, कारण त्या कामात वाचायचं काही नव्हतं. ठमी भेटायला जाई तेव्हा तो दोर विणत असे आणि "बरंय" एवढंच बोलत असे.

ठमी तेव्हा एका इमारती बांधणाऱ्याकडे ट्रेसिंगचं काम करत होती, मूळ आराखड्यावर पातळ कागद ठेवून रेघा उतरवायचं. अक्षांश म्हणजे काय ते तिला शाळेत असताना कळलं नव्हतं आणि नंतर कधी लागलं नव्हतं. पण ज्या गोष्टीने भावाचं नाक कापलं ती गोष्ट आपल्याला यायलाच हवी, असं तिने मनाशी घेतलं. एका निवृत्त मास्तरांकडे तिने शिकवणी लावली. मास्तर म्हणाले, "पृथ्वी म्हणजे कांदा धर. आडवा कापलास की चकत्या पडतात, त्या अक्षांशांच्या. मधली सगळ्यात मोठी चकती म्हणजे शून्य, तिच्यापासून वर किती, खाली किती, एवढंच अक्षांश सांगतो. आता पृथ्वी म्हणजे संत्रं धर. फोडी दिसतात ना, वरच्या देठापासून खालच्या टोकापर्यंत? ते रेखांश. फोडींत शून्य कुठली ते निसर्गाने ठरवलेलं नाही, माणसांनी बसून ठरवलं." तिने घरी येऊन कांदा कापला, संत्रं सोललं. नवरा म्हणाला, "मिनिटं म्हणजे घड्याळातली ना गं? मग या जागेला किती वाजले?" ती हसली नाही. नवऱ्याने पुन्हा त्या विषयावर विनोद केला नाही.

फोडी टोकाकडे निमुळत्या होतात, म्हणून रेखांशाचं मिनिट सगळीकडे सारखं लांब नसतं आणि अंतर मोजायचं तर नकाशाच्या उभ्या कडेवर, आडव्या नव्हे, हे ती शिकली. अक्षांशाचं मिनिट मात्र जवळपास सगळीकडे तेवढंच, एक सागरी मैल. हे तिला फार आवडलं. जगात एक गोष्ट तरी जागच्या जागी तेवढीच राहते. आणि साठ सेकंद की शंभर भाग, हा घोळ तिला ज्या दिवशी समजला, त्या दिवशी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दादाला वाचता येत होतं. दादाने अगदी बरोबर वाचलं होतं. चुकीचं सांगितलं होतं त्याने, ज्याला एक शब्द जड झाला होता.

तीन वर्षांनी बंदर कार्यालयात नकाशा दुरुस्तीची जागा निघाली. ठमीने अर्ज केला. नायब साहेब एव्हाना साहेब झाले होते आणि मुलाखत त्यांनीच घेतली. तिचं आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे त्यांना संशय आला नाही. तिने त्यांच्यासमोर एक रेघ मारून दाखवली. ते बघतच राहिले.

खरी पंचाईत पुढे झाली. साहेब वाईट निघाले नाहीत. तिच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचं भिंग तिला देऊन टाकलं. सासूच्या आजारपणात न मागता रजा दिली. कोणी तिच्यावर आवाज चढवला तर साहेब मध्ये पडत. ठमीला हे सगळं फार जाचायचं. माणूस हलकट असता तर काम सोपं होतं. ती घरी येऊन स्वतःला ते वाक्य म्हणून दाखवायची, 'सदर कप्तानास अक्षांश वाचता येत नाहीत,' म्हणजे राग थंड पडत नसे. भांडी घासताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कपाटं आवरायचं काम निघालं आणि जुन्या रेडिओच्या नोंदवह्या नकाशाखोलीत आल्या. ती तारीख तिला शोधावी लागली नाही. पान उघडलं. साहेबांचं अक्षर, निळं बॉलपेन. चौदा, मग थोडी मोकळी जागा, मग पन्नास. आणि मधल्या मोकळ्या जागेत एक ठिपका. तिने साहेबांनीच दिलेलं भिंग वर धरलं. ठिपका जांभळा होता.

ठमी खुर्चीत मागे टेकली. तिला सगळं दिसलं. त्या दिवशी दुपारी, माणूस बुडाल्यावर, साहेब बार्जची खूण नकाशावर करायला याच खोलीत आले असणार. खूण त्यांनी बरोबर साडेचौदावर केली. तेव्हाच त्यांना आपल्या तोंडातून काय गेलं ते कळलं असणार. नोंदवही काखेत, पेन हातात. एक ठिपका द्यायला किती वेळ लागतो? आणि समितीपुढे गेली झेरॉक्स. झेरॉक्समध्ये सगळे ठिपके काळे.

आता करायचं काय? तक्रार करायची तर ती साहेबांच्याच टेबलावरून वर जायची. साहेब म्हणाले असते, कारकुनाने मागाहून दुरुस्ती केली असेल. नुसत्या ठिपक्याने भागणार नव्हतं, साहेबांनी आपल्या तोंडाने, चार माणसांत, तीच चूक पुन्हा करायला हवी होती. हे झालं खरं कारण. आणखी एक कारण होतं आणि तेही खरंच होतं. तिला न्याय नको होता, तिला साहेबांची फजिती हवी होती. दादा जसा धक्क्यावर उभा राहून हसू झाला, तसं साहेबांनी व्हावं, आणि तेही जितकं वर चढता येईल तितकं चढल्यावर.

दादाला सांगायचं नाही, हे तिने नोंदवही मिटायच्या आत ठरवलं. लहानपणापासून दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो वहिनीला सांगणार, वहिनी शेजारी बोलणार, आठवड्यात साहेबांच्या कानावर जाणार आणि पान गायब होणार. नोंदवही तिने नकाशांच्या सगळ्यात खालच्या खणात, रद्द झालेल्या नकाशांच्या आत ठेवली. कुलपाची किल्ली तिच्याकडेच असे.

सहा वर्षं गेली. दादाकडे ती महिन्यातून एकदा जाई. दादा दोर विणे. बोटं राठ झाली होती, बोलणं आणखी कमी झालं होतं. एकदा वहिनी म्हणाली, "झोपेत आकडे बरळतात हो. दिवसा एक आकडा बघत नाहीत नि झोपेत मोजत बसतात." ठमीने ऐकलं आणि तो हिशोबही साहेबांच्या नावावर टाकला.

मग एका वर्षी सगळं एकदम जुळून आलं. सगळ्या कप्तानांचे परवाने नव्याने द्यायचे आणि त्याआधी त्यांचा एक दिवसाचा वर्ग घ्यायचा, असा वरून हुकूम आला. साहेबांना सगळ्या बंदरांच्या वरची जागा मिळायची होती, तेव्हा त्यांचं काम बघायला मुख्य कार्यालयातून तपासणी अधिकारी बाई त्याच दिवशी येणार होत्या. साहेबांनी ठमीला बोलावलं. "बाई, वर्गाची सगळी तयारी तुम्ही करा. तुमच्याइतकं नीटनेटकं कोणाला जमणार?"

"करते साहेब," ठमी म्हणाली. "सुरुवात मात्र तुमच्या हातून व्हायला हवी."

वरच्या हॉलमध्ये एकवीस टेबलं लागली. प्रत्येकावर नकाशा, समांतर पट्टी, डिव्हायडर, टोकदार पेन्सिल आणि ट्रेसिंगचा कागद. नकाशे एकाच मापाचे, पण काही जुन्या छपाईचे, काही नव्या. यात लबाडी काही नव्हती. जे लाँचवर असतं तेच तिने टेबलावर मांडलं होतं. एकवीस कप्तान येऊन बसले, बरेचसे दादाच्या बरोबरीचे, तेच अक्षांशराव म्हणणारे. त्यांनाही तिने मोजून घेतलं. तपासणी बाई मागच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर वही, चेहऱ्यावर झोप.

साहेबांचं छोटं भाषण झालं. मग ठमीने एक पत्रक त्यांच्या हातात दिलं. "साहेब, एका खुणेची जागा आहे. तुम्ही रेडिओवर सांगता तशी सांगा. मंडळी नकाशावर काढतील."

पत्रकावर छापलेलं होतं ९.५५. ठिपका चांगला ठळक होता, तिने स्वतः तपासला होता. साहेबांनी चष्मा लावला, वाचलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नऊ पंचावन्न."

मागून एक कप्तान म्हणाला, "साहेब, ही जागा की चहाची वेळ?" सगळे हसले. साहेबही हसले. ठमीही हसली, त्या कार्यालयात पहिल्यांदाच मनापासून.

"पुन्हा एकदा सांगता का साहेब?" तिने विचारलं.

"नऊ पंचावन्न."

पेन्सिली चालल्या. दहा मिनिटांनी तिने एकवीस ट्रेसिंग कागद गोळा केले. पाच-सहाच्या चवडी करून तिने ते खिडकीच्या काचेवर, कडेला कड जुळवून, एकावर एक धरले. बाहेर ऊन होतं. काचेवर दोन झुपके उमटले. वर दोन-तीन ठिपके एका जागी दाटलेले, खाली उरलेले दुसऱ्या जागी. मधे सगळी कोरी जागा. प्रत्येक चवडीत तेच.

तपासणी बाई उठून खिडकीपाशी आल्या. त्यांची झोप उडाली होती. "या दोहोंत अंतर किती?"

"बावीस सेकंद," ठमी म्हणाली. "जवळजवळ सातशे मीटर. साहेबांनी जागा एकच सांगितली, दोनदा सांगितली."

"पॉइंट राहिला बोलायचा," साहेब म्हणाले. "चुकून. बाई, तुम्ही आठवण करायची."

"नेहमीच राहतो साहेब. बारा वर्षांपूर्वीही राहिला होता." तिने टेबलाखालून नोंदवही काढली, पान उघडलं, भिंग त्यावर ठेवलं आणि दोन्ही तपासणी बाईंसमोर सरकवलं. "आकडे निळे आहेत. मधला ठिपका बघा कोणत्या शाईचा. ही शाई नकाशाखोलीच्या बाहेर जात नाही. हा ठिपका माणूस मेल्यावर दिलेला आहे. त्या कप्तानाला अक्षांश वाचता येत होते. मी त्यांची बहीण."

साहेबांचा चेहरा उतरला म्हणणं कमी होईल. ते समोरच्या एकवीस माणसांकडे बघत होते आणि एकवीस माणसं टेबलाकडे बघत होती. ठमीला गोड वाटलं, खोटं कशाला सांगा. बारा वर्षं ज्याची चव तिने मनातल्या मनात घेतली होती ती तशीच निघाली, थोडी जास्तच गोड. मग ती कप्तानांकडे वळली. "तुमच्यातल्या बाराजणांनी आत्ता तेच काढलं, जे माझ्या भावाने काढलं होतं. उद्या धक्क्यावर एकमेकांना काय म्हणणार ते ठरवा."

जिन्यात साहेबांनी तिला गाठलं. कठड्याला हात धरून ते म्हणाले, "नऊ वर्षं तुम्ही माझ्या हाताखाली होतात. मी कधी वाईट वागलो तुमच्याशी?"

"नाही."

"मी घाबरलो होतो हो. माणूस गेला होता. एक ठिपका दिला, मग मागे घेता येईना."

"मागे घ्यायला एक चिठ्ठी पुरली असती साहेब," ती म्हणाली आणि खाली उतरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं ते तिने बघितलं. तिला काही वाटलं नाही.

दोन महिन्यांत निकाल आला. साहेबांची बढती रद्द झाली, त्यांना मागच्या गोदामावर बसवलं, रेडिओला हात लावायची मनाई झाली. शिपाईसुद्धा त्यांना विचारू लागला, "साहेब, चहा चार तीसला आणू की चार पॉइंट तीसला?" ठमीच्या कानावर हे आलं तेव्हा तिने शिपायाला ते पुन्हा सांगायला लावलं. आणि एक पत्र आलं, शिक्क्याचं. अहवालातलं ते वाक्य वगळण्यात येत आहे, परवाना परत देण्यात येत आहे.

पत्र घेऊन ती त्याच संध्याकाळी दादाकडे गेली. दादा नुकताच कारखान्यातून आला होता, दाराशी हातपाय धूत होता. वहिनी आत होती. ठमीने पत्र वाचून दाखवायला उघडलं, पण दादाने हात पुसून ते स्वतः घेतलं. सावकाश वाचलं. तारीख वाचली, जावक क्रमांक वाचला, सगळे आकडे वाचले. मग ओट्यावर बसला.

"म्हणजे माझं बरोबर होतं," तो म्हणाला.

"अगदी बरोबर होतं दादा." तिने त्याला सगळं सांगितलं. खिडकीवरचे झुपके सांगितले, साहेबांचा चेहरा सांगितला, चहाचा विनोद सांगितला. सांगताना तिला पुन्हा तितकंच गोड वाटत होतं. दादा ऐकत होता. हसला नाही.

"तो ठिपका तुला कधी सापडला, ठमे?"

"झाली सहा वर्षं."

दादाने पत्राची घडी घातली. "सहा."

"तुला सांगितलं असतं तर तू बोलून गेला असतास रे. साहेब सावध झाला असता. सगळं हातचं गेलं असतं."

"हो, गेलं असतं," दादा म्हणाला. त्याने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "इंजिनवाल्याच्या आईकडे मी जायचो. तुला ठाऊक नाही. दर महिन्याला. ती घरात घ्यायची नाही, दारात उभं करून एकच विचारायची, वाचता येत नव्हतं तर माझ्या पोराला नेलंस कशाला? मी म्हणायचो, चुकलो आई. चार वर्षांपूर्वी गेली ती. अगदी शेवटी गेलो तेव्हाही तिने तेच विचारलं आणि मीही तेच सांगितलं."

सहातून चार गेले की दोन उरतात. ती वजाबाकी करायला तिला कागद लागला नाही. दोन वर्षं. चोवीस वेळा तो त्या दारात उभा राहिला होता, खणाची किल्ली तिच्या पर्समध्ये असताना.

"मला सांगायचं होतंस गं," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी धक्क्यावर नसतो बोललो. तुझ्या वहिनीलासुद्धा नसतं सांगितलं. मी फक्त तिला जाऊन सांगितलं असतं."

"मी तुझ्यासाठीच केलं दादा."

"माझ्यासाठी नाही. साहेबासाठी थांबलीस तू." त्याने पत्र तिच्या हातात परत दिलं, तिची बोटं त्यावर मिटवली. "हे तुझं आहे. तू मिळवलंस. तुझ्याकडेच ठेव."

आतून वहिनीने हाक मारली, "कोण, ठमी आली का? चहा टाकू?" दादा उठून मागच्या अंगणात गेला. ठमी म्हणाली, "नको वहिनी, निघते मी," आणि चपला घातल्या. ती रस्त्याला लागली तेव्हा पत्र तिच्या हातातच होतं.